पंपाच्या बाजूने पाहिलेली सूज

माझ्या मामाची बायपास झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आयसीयूतून बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अगं, ह्यांचा चेहरा बघितलास का? डोळे उघडत नाहीत इतके सुजलेत. बोटं तर राजेळी केळ्यांसारखी झालीत. खरं सांग, आत काही चुकलं का?" मी गेली वीस-बावीस वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये परफ्यूजनिस्ट म्हणून काम करते, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे काम जे यंत्र करते, ज्याला आम्ही पंप म्हणतो, ते चालवणे हा माझा व्यवसाय आहे. मामाची शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात झाली होती आणि त्याच्या पंपावर मी नव्हते, तरी मामीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या रोजच्या कामातच होते. पण ते कॉरिडॉरमध्ये उभे राहून दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. "काही चुकलं नाही मामी, असं होतंच," एवढेच मी म्हणाले, आणि तिचा त्यावर विश्वास बसला नाही हे मला दिसत होते. त्या वेळी राहून गेलेले उत्तर आता सवडीने लिहिते आहे.

सुरुवातीला 'बायपास' या शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे घराघरांत बायपास म्हणजे पायातली शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची धमनी घेऊन ती हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला अडथळ्याच्या पुढे जोडणे. थिएटरमध्ये मात्र 'ऑन बायपास' याचा अर्थ अगदी वेगळा असतो: तिथे रक्त संपूर्ण हृदयालाच आणि फुफ्फुसांना वळसा घालून यंत्रातून जाते. पहिल्या बायपाससाठी दुसरी लागतेच असे नाही. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी धडधडत्या हृदयावरच छातीतली धमनी जोडली होती. १९६७ साली क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरायला सुरुवात केली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ही शस्त्रक्रिया जगभर पसरली, ती मात्र यंत्राच्या आधाराने, कारण थांबलेल्या हृदयावर दीड मिलिमीटरच्या धमनीला टाके घालणे सोपे जाते. मामाची शस्त्रक्रियाही पंपावरच झाली. तिथली माझी मैत्रीण म्हणाली त्याप्रमाणे पंपाचा वेळ एकशे दोन मिनिटे आणि महाधमनीवर क्लॅम्प, म्हणजे हृदयाकडचे रक्त अडवणारा चिमटा, अडुसष्ट मिनिटे. तीन ग्राफ्ट्ससाठी, म्हणजे तीन नव्या जोडण्यांसाठी, हे अगदी नेहमीचे आकडे आहेत.

आता हे यंत्र रक्ताला कसे दिसत असेल, ते पाहू. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी रुग्ण यायच्या आधी मी सर्किट बांधते. त्यात पारदर्शक पीव्हीसीच्या नळ्या असतात, रक्त साठवणारी कडक प्लास्टिकची टाकी असते, जिला आम्ही रिझर्व्हायर म्हणतो, आणि रक्तात प्राणवायू मिसळणारा ऑक्सिजनेटर असतो. हा बाहेरून जेवणाच्या डब्याएवढा दिसतो, पण आत केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या हजारो काड्या गुंडाळलेल्या असतात. तंतूंच्या आतून वायू वाहतो आणि बाहेरून रक्त. या सगळ्यात सव्वा-दीड लिटर सलाइनसारखे द्रव भरायचे आणि मग शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत ऑक्सिजनेटरच्या बुडाशी तळहाताने थापट्या मारत बसायचे, हे काम मला अजूनही आवडते. एखादा चिवट बुडबुडा सांध्याला चिकटून बसतो आणि पाचव्या-सहाव्या थापटीला सुटून सरळ वर जातो. प्रौढ माणसासाठीच्या ऑक्सिजनेटरमधल्या तंतूंचा पृष्ठभाग पसरला तर साधारण दोन चौरस मीटर भरतो, म्हणजे घराच्या दाराच्या फळीएवढा. माणसाच्या अंगावरची सगळी कातडीही सहसा याहून थोडी कमीच भरते.

सर्जन 'ऑन पंप' म्हणाले की मी शिरेकडच्या नळीचा क्लॅम्प काढते, आणि कोकमाच्या आगळासारखे गडद रक्त पुढच्या स्वच्छ पाण्याला ढकलत खाली टाकीत उतरते. मिनिटाला चार-साडेचार लिटर या वेगाने, म्हणजे अंगातले सगळे रक्त सव्वा मिनिटाला एकदा, त्या प्लास्टिकवरून घासून परत जाते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत रक्तदाब धडकन खाली येतो, कधी चाळिशीपर्यंत, कारण दीड लिटर पाणी मिसळून रक्त एकाएकी पातळ झालेले असते. नव्या मुली-मुलांना मॉनिटर बघून घाम फुटतो. पण मॉनिटरवर न दिसणारी दुसरी एक गोष्ट त्याच मिनिटांत सुरू झालेली असते.

रक्त जन्मभर एकाच पृष्ठभागाला ओळखते, तो म्हणजे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर. त्याखेरीज दुसऱ्या कशालाही त्याचा स्पर्श झाला, तर त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच असतो: कुठेतरी वाहिनी फाटली आहे. लाखो वर्षांत हा अंदाज चुकायची वेळच आली नव्हती. दोन चौरस मीटर प्लास्टिक समोर आल्यावर रक्त तेच ठरवते आणि दोन चौरस मीटरच्या जखमेला साजेशी तयारी सुरू करते. काही क्षणांत रक्तातली प्रथिने नळ्यांना चिकटतात, त्यांतले फॅक्टर बारा नावाचे प्रथिन चिकटताना आपला आकार बदलते, आणि त्यातून कॅलिक्रीन व ब्रॅडिकायनिन तयार व्हायला लागते. आम्ही आधीच वजनाच्या दर किलोला तीनशे ते चारशे युनिट हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिलेले असते आणि एसीटीचा, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करत नाही, त्यामुळे नळ्यांत गाठी होत नाहीत. मात्र हेपॅरिन गाठ थांबवते; जखम झाल्याची रक्ताने ठोकलेली ही आरोळी थांबवत नाही. ते दिल्यावरही गाठ बनवणारे थ्रॉम्बिन आतल्या आत तयार होतच राहते.

ब्रॅडिकायनिनबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण मामीच्या केळ्यांचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. हा पदार्थ रक्तवाहिन्या सैल करतो आणि केशवाहिन्यांच्या भिंती पाझरत्या करतो. एरवी तो तयार झाला तरी फुफ्फुसांतून जाताना त्याचा बराचसा निकाल लागतो. पंपावर असताना फुफ्फुसे वाटेतून वगळलेली असतात, म्हणजे जिथे तो नष्ट व्हायचा त्या घराचे दारच बंद असते. त्यातून मामा कित्येक वर्षे रक्तदाबासाठी रामिप्रिल घेत होता, आणि ते औषध ज्या एन्झाइमला रोखते, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन तोडते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीपासून ही गोळी बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती याच जातीच्या कारणांनी.

याच वेळी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी जागी होते. ही यंत्रणा मुळात जंतूंसाठी आहे; एक प्रथिन दुसऱ्याला कापते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पाडणारा एक गट तयार होतो. वाटेत निघणारे सी३ए आणि सी५ए हे तुकडे आकाराने लहान पण कर्तृत्वाने दांडगे असतात. सी५ए दिसले की पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल चवताळतात, त्यांच्या अंगावर चिकटण्यासाठीचे आकडे बाहेर येतात, आणि ते फुफ्फुसांच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसतात. ओपन हार्टच्या सुरुवातीच्या काळातले डॉक्टर 'पंप लंग' हा शब्द वापरत; शस्त्रक्रिया उत्तम झालेली असायची आणि रुग्ण मात्र पाणावलेल्या फुफ्फुसांनी दगावायचा. पुढे १९८१ साली हृदयशल्यविशारद जॉन कर्कलिन यांच्या अलाबामातल्या गटाने पंपावर असताना सी३ए वाढते हे मोजून दाखवले, आणि दोनच वर्षांनी असेही दाखवले की ते जितके जास्त आणि पंपाचा वेळ जितका लांब, तितकी नंतर अवयव कुरकुरण्याची शक्यता अधिक. तोपर्यंत सगळे जण ज्याला पंपाचा त्रास म्हणत होते, त्याला प्रथमच रक्तात मोजता येणारे कारण मिळाले.

कर्कलिन यांचे नाव आले की मला हे यंत्र पहिल्यांदा यशस्वी करणारे जॉन गिबन आठवतात. १९३१ साली बॉस्टनमध्ये फुफ्फुसाच्या धमनीत गाठ अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशी रात्रभर बसलेल्या या तरुण डॉक्टरच्या मनात आले की तिचे निळे रक्त बाहेर काढून, लाल करून परत देता आले तर ती वाचेल. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मिळून आधी मांजरांवर प्रयोग केले, आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र त्यांनी आपल्या यंत्राच्या आधारे बुजवले. सव्वीस मिनिटे ती पूर्णपणे यंत्रावर होती. पुढचे रुग्ण वाचले नाहीत आणि गिबन यांनी तो नाद सोडला. पुढच्याच वर्षी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी मुलाच्या आईचे किंवा वडिलांचेच हृदय-फुफ्फुस वापरले, म्हणजे दोघांना शेजारी झोपवून मुलाचे रक्त पालकाच्या अंगातून फिरवून आणले. अशा पंचेचाळीस शस्त्रक्रियांतली अठ्ठावीस मुले वाचली. एका शस्त्रक्रियेत दोन माणसांचा जीव धोक्यात, म्हणून ती पद्धत टिकली नाही हे योग्यच झाले. पण परफ्यूजनिस्ट म्हणून मला नेहमी वाटते की इतका चांगला ऑक्सिजनेटर पुन्हा कुणी बनवलेला नाही. जिवंत अस्तरावरून वाहणाऱ्या रक्ताला जखम झाल्याचा भास होत नाही.

पंपावर रक्ताला दुसरा मोठा धक्का बसतो तो क्लॅम्प काढताना. तास-सव्वा तास हृदयाच्या स्नायूला रक्त मिळालेले नसते. कार्डिओप्लेजियाच्या पोटॅशियमयुक्त द्रवाने त्याला झोपवलेले असते. क्लॅम्प निघाला की ताजे, प्राणवायूने भरलेले रक्त एकदम आत शिरते, आणि उपाशी पेशींत त्या प्राणवायूचा काही भाग विखारी रूप घेतो. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवल्यावर व्हावे तसे काहीसे. त्यात पंपाच्या काळात आतड्यांकडे रक्त कमी गेलेले असल्यामुळे तिथल्या जंतूंची विषारी आवरणे अस्तरातून झिरपून रक्तात येतात, म्हणजे जंतुसंसर्ग नसतानाही शरीराला त्याचा वास येतो. शिवाय छातीच्या पोकळीत साचलेले, कापलेल्या ऊतींवरून आलेले रक्त सक्शनने ओढून आम्हीच टाकीत परत घेतो. त्या रक्तात चरबीचे थेंब असतात आणि गोठण्याची प्रक्रिया चेतवणारे घटक ठासून भरलेले असतात. ते धुवून घेतल्याशिवाय परत देऊ नये, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. रक्त धुणाऱ्या सेल सेव्हर यंत्राचा खर्च प्रत्येक रुग्णाला परवडत नाही, हेही मला रोज दिसते.

तिसरा धक्का शेवटी, प्रोटामिनचा. हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात, आणि त्याचा उतारा असलेले प्रोटामिन हे सामन जातीच्या माशाच्या वीर्यातले प्रथिन आहे. (मामी माळकरी आहे. तिला हे इथेच पहिल्यांदा कळेल.) ही दोन्ही एकमेकांना मिठी मारतात तेव्हा तयार होणारी जोडी स्वतःच कॉम्प्लिमेंटला पुन्हा जागे करते, आणि क्वचित एखाद्या रुग्णाचा रक्तदाब त्या क्षणी कोसळतो. म्हणून भूलतज्ज्ञ ते दहा-एक मिनिटांत सावकाश देतात, आणि तोपर्यंत मी नळ्या भरलेल्या ठेवून तयार बसते. ज्यांना माशांची ॲलर्जी आहे किंवा ज्यांनी पूर्वी प्रोटामिन असलेले, दुधाळ रंगाचे एनपीएच इन्सुलिन घेतले आहे, त्यांच्यात हा धोका जास्त मानला जातो, म्हणून आधी विचारून घ्यावे लागते. मामालाही भूलतज्ज्ञांनी विचारले होते, "मासे चालतात का?" आणि चिपळूणच्या या माणसाने उलट त्यांनाच विचारले होते, "म्हणजे काय, इथे देतात की काय?"

इतके सगळे दोन-तीन तासांत घडल्यावर रात्र उलटल्यावर जे दिसते ते मामीने पाहिले. पांढऱ्या पेशींनी आणि इतर अवयवांनी सोडलेले निरोपाचे रेणू, ज्यांना सायटोकाइन म्हणतात, पंप बंद झाल्यानंतर काही तासांनी सर्वांत जास्त असतात. त्यांतले इंटरल्युकिन-६ मेंदूपर्यंत पोहोचले की ताप येतो आणि यकृतापर्यंत पोहोचले की सीआरपी हे दाहात वाढणारे प्रथिन तयार व्हायला लागते. केशवाहिन्या पाझरतात, पातळ झालेल्या रक्तात पाणी धरून ठेवणारी प्रथिने विरळ असतात, आणि ते पाणी पापण्यांत, हातांच्या पाठींवर, जिथे जागा सैल आहे तिथे जाऊन साचते. मामाचे वजन भरतीच्या दिवशी चौसष्ट किलो होते आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तक्त्यावर साडेअडुसष्ट. काही रुग्णांत वाहिन्या इतक्या सैल पडतात की हृदय उत्तम चालत असूनही रक्तदाब राहत नाही. हात गरम, नाडी भरलेली आणि दाब मात्र खाली, अशा वेळी वाहिन्या आवळण्यासाठी नॉरॲड्रिनॅलिन, व्हॅसोप्रेसिन आणि कधी तर मिथिलीन ब्ल्यूसुद्धा द्यावे लागते. मामाला नॉरॲड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू होते. त्याच सर्किटवर, तितक्याच वेळात झालेला शेजारच्या पलंगावरचा रुग्ण पहाटेच चहा मागत होता. मधुमेह, वय, आधीची औषधे, पंपाचा वेळ अशी कारणे सांगता येतात. पण सगळी सारखी असूनही दोन माणसे वेगळी वागताना मी इतक्यांदा पाहिले आहे की प्रत्येकाच्या आत ही आरोळी वेगवेगळ्या आवाजाची असते, असेच म्हणावे लागते.

मराठीत यासाठी 'दाह' हा फार चांगला शब्द आहे. पण बोलताना आपण तो वापरत नाही. आपण सूज म्हणतो, आणि रिपोर्टात काही लाल अक्षरात दिसले की थेट इन्फेक्शन म्हणतो. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला मामेभावाने मला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला: सीआरपी तीन आकडी, पांढऱ्या पेशी सोळा हजार, आणि खाली प्रश्न, "ताई, इन्फेक्शन झालंय ना?" सीआरपी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जाते, जंतू असोत वा नसोत. त्या दिवशीच्या एका आकड्यापेक्षा तो पुढे उतरतो की पुन्हा चढतो, याला अर्थ असतो. उतरलेला ताप चार-पाच दिवसांनी परत येणे, जखमेतून पाणी येणे, खोकताना छातीचे हाड हलल्यासारखे किंवा वाजल्यासारखे वाटणे, ही लक्षणे मात्र वेगळी. तिथे व्हॉट्सॲप नको, सरळ डॉक्टर गाठायचे.

तरीही भावाची भीती अगदीच अनाठायी नव्हती, कारण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. शरीर इतका आरडाओरडा करते तेव्हा तो आवरण्याची व्यवस्थाही त्याच वेळी कामाला लावते. इंटरल्युकिन-१० सारखे शांतवणारे रेणू जवळजवळ सोबतच वाढतात, लिम्फोसाइट पेशींची संख्या घटते, आणि मोनोसाइट पेशींच्या अंगावरचे एचएलए-डीआर नावाचे प्रथिन, ज्यावर ठेवून त्या जंतूचा तुकडा इतर पेशींना दाखवतात, ते पहिले काही दिवस कमी होते. म्हणजे ज्या दिवसांत माणूस तापाने फणफणलेला आणि सुजलेला दिसतो, नेमक्या त्याच दिवसांत खऱ्या जंतूशी लढण्याची त्याची ताकद उणी असते. गेटवरचा वॉचमन एका वेळी एकच नातेवाईक सोडतो, ते यासाठी. मामीने ग्रामदेवतेचा अंगारा आणला होता; सिस्टरने तो कपाळाला लावू दिला नाही, पण प्लास्टिकच्या पुडीत घट्ट बांधून उशीखाली ठेवायला हरकत घेतली नाही. मला ती तडजोड फार शहाणपणाची वाटली.

मग हा दाह औषधाने दाबून का टाकत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. आमच्या क्षेत्रात तो पन्नासएक वर्षे पडलेला आहे, आणि त्याची उत्तरे एकामागून एक पडत गेली आहेत. स्टिरॉइड हे सर्वांत सरळ उत्तर होते. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर डेक्सामेथासोनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. फुफ्फुसांचे संसर्ग थोडे कमी झाले, पण मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड आणि श्वास बंद पडणे यांचा एकत्र हिशेब केला तर ठोस फरक दिसला नाही. २०१५ साली अठरा देशांतल्या ७,५०७ रुग्णांवरची मिथाइलप्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडची चाचणी प्रसिद्ध झाली, आणि तिथेही फायदा नव्हता. उलट हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याच्या नोंदी थोड्या जास्तच निघाल्या. सी५ला अचूक पकडणारे पेक्सेलिझुमॅब हे प्रतिपिंड आले, तेव्हा आम्हाला वाटले की आता मुळावरच घाव बसला. तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ते ठरवलेल्या कसोटीवर उतरले नाही, आणि दुसऱ्या चाचणीतही नाही. गाईगुरांच्या फुफ्फुसातून काढलेले ॲप्रोटिनिन कॅलिक्रीनला रोखत असे आणि रक्तस्राव खरोखर कमी करीत असे. मी स्वतः ते कित्येक रुग्णांच्या प्राइममध्ये, म्हणजे सर्किट भरायच्या द्रवात, घातले आहे. कॅनडातल्या चाचणीत त्या गटात मृत्यू जास्त दिसल्यामुळे २००७ साली ते बाजारातून मागे घेतले गेले. पुढे युरोपात मर्यादित वापरासाठी त्याला पुन्हा वाट मिळाली, पण आमच्या ट्रॉलीवर त्याची जागा एव्हाना रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडने घेतली होती.

या अपयशांचे मला वाटणारे कारण असे की आम्ही एकेक दोरा ओढत होतो आणि हे कापड मात्र अनेक दोऱ्यांनी विणलेले आहे. कॉम्प्लिमेंट रोखले तरी कॅलिक्रीन आहे, ते रोखले तरी क्लॅम्प आहे, आतडी आहेत, सक्शन आहे. आणि सगळेच रोखले, तर छातीचे चिरलेले हाड आणि पायाची जखम भरून काढायची कुणी? ती भरते तीही याच पेशींच्या जिवावर.

पंपच नको, हे उत्तरही झाले. अर्जेंटिनात बेनेट्टी आणि ब्राझीलमध्ये बुफोलो यांनी ऐंशीच्या दशकात धडधडत्या हृदयावरची शस्त्रक्रिया पुन्हा रुजवली आणि भारतीय सर्जनांनी ती मनापासून उचलली. 'बीटिंग हार्ट' हा शब्द आता गावोगावच्या रुग्णांनाही माहीत आहे. त्यात कॉम्प्लिमेंट कमी जागे होते हे खरे, पण इंटरल्युकिन-६ तरीही वाढते, कारण छाती उघडणे हीच एक मोठी जखम आहे. एकोणीस देशांतल्या ४,७५२ रुग्णांची तुलना करणाऱ्या चाचणीत, ज्यात भारतातलीही रुग्णालये होती, पंपाविना केलेल्यांना रक्त कमी लागले आणि श्वसनाचे व मूत्रपिंडाचे सुरुवातीचे त्रासही कमी झाले, पण एक महिन्याने, एका वर्षाने आणि पाच वर्षांनी मुख्य हिशेबात दोन्ही गट सारखेच निघाले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या दुसऱ्या एका चाचणीत तर पंपाविना जोडलेले ग्राफ्ट्स वर्षभराने जास्त प्रमाणात बंद पडलेले आढळले. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, त्याने ती करावी, हे माझे थिएटरमधले मत आहे. अर्थात ते पंप चालवणारीचे मत आहे, म्हणून थोडे सवलतीत घ्यावे.

तेव्हा राहतात त्या बारीकसारीक गोष्टी. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवायच्या, यंत्र टेबलाच्या जवळ ओढायचे; पंप सुरू करण्याआधी रुग्णाचेच रक्त उलट दिशेने नळ्यांत घेऊन तेवढे सलाइन बाहेर काढून टाकायचे, म्हणजे रक्त कमी पातळ होते; जादा पाणी आणि त्यातले काही त्रासदायक रेणू फिल्टरने काढायचे, जे लहान मुलांत फार उपयोगी पडते; आणि रुग्णाला पुन्हा ऊब देताना घाई करून रक्त सदतीस अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. हेपॅरिनचा किंवा तसाच दुसरा थर दिलेल्या नळ्याही मिळतात. त्यांचे विक्रेते आलेखांची जाड पुस्तिका घेऊन येतात, आणि त्यात रक्तातले सगळे आकडे खरोखर खाली गेलेले असतात. रुग्ण किती लवकर घरी गेला, या पानावर मात्र त्या पुस्तिकेतली शाई जरा फिकी पडते. तरी परवडत असेल तिथे मी त्या वापरते.

मामाचे वजन सहाव्या दिवशी पुन्हा चौसष्टवर आले; लघवी वाढवणारे लॅसिक्स आणि त्याच्या मूत्रपिंडांनी मिळून ते काम केले. मधे दुसऱ्या रात्री नाडी अनियमित झाली होती. एट्रियल फिब्रिलेशनची ही तक्रार बायपासनंतरच्या तीन-चार रुग्णांपैकी एकाला तरी होते, आणि हृदयाभोवतीच्या दाहाचा तिच्यात वाटा असतो असे मानतात. अमिओडॅरोन या औषधाने ती जागेवर आली. घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याला पुन्हा बारीक ताप आला आणि खोल श्वास घेतला की छातीत टोचायला लागले. मामी पुन्हा घाबरली. तपासणीत जखम स्वच्छ होती आणि इकोमध्ये हृदयाभोवती थोडे पाणी दिसले. शस्त्रक्रियेत दुखावलेल्या आवरणाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती काही आठवड्यांनी अशी उठते; तिची ही उशिराची पाळी असते. डॉक्टरांनी कोल्चिसिन सुरू केले. हे औषध न्यूट्रोफिल पेशींचा आतला सांगाडा मोडून त्यांची धावपळ मंदावते, आणि एवढ्या महागड्या रेणूंनी जे साधले नाही, त्यातले थोडे तरी ही जुनीपुराणी, स्वस्त गोळी साधते: इटलीतल्या ३६० रुग्णांच्या चाचणीत तिच्यामुळे हा उशिराचा त्रास एकवीस टक्क्यांवरून नऊ टक्क्यांच्या आसपास आला होता.

फोनवर मामाला मी सांगितले की हे औषध मूळचे एका कंदातले आहे आणि आपल्याकडच्या कळलावीतही तेच असते. तो एकदम ताठ बसल्याचे मला आवाजावरून कळले. "आपल्या कुंपणाला पावसाळ्यात उगवते ती? लाल-पिवळ्या फुलांची?" मी म्हटले, "तीच. आणि मामा, तू तिच्या कंदाला हात लावायचा नाहीस, माणूस मरतो त्याने." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही गं लावत. पण आजवर ती उपटून टाकायचो, आता उपटणार नाही."